हक्कसोडीचा ब्लॉग

त्या परिषदेचा विषय निघाला की मला आधी तिथला गारवा आठवतो. पुण्यातलं मोठं हॉटेल, पाऊल बुडेल असा गालिचा, खिडक्यांना जाड पडदे. बाहेर एप्रिलचं ऊन रस्त्याचं डांबर मऊ करत होतं आणि आत कार्तिकातल्या पहाटेची थंडी. निळ्या उजेडात पडद्यावर इंग्रजी शब्द उमटायचे आणि विरून जायचे. बोलणाऱ्याचा आवाज कुठल्या कोपऱ्यातून येतोय ते कळायचं नाही. अशा ठिकाणी माणूस जागा असतो, पण पुरता नसतो. माझ्या डोळ्यांपुढे मधूनच आमचं शिवार यायचं, मधूनच व्यासपीठावर बोलणारा, टाइल्सच्या कारखान्याचा ब्लॉग लिहिणारा एक गोरटेला तरुण यायचा, आणि दोन्ही सारखेच खरे वाटायचे.

विषय होता व्यवसायासाठी आणि वकिलीसाठी ब्लॉग कसा लिहावा. इंटरनेटवर लोक आपापलं पान उघडून लिहितात, त्याला ब्लॉग म्हणतात हे मला तरी कुठे फार आधी कळलं होतं? मी जुन्नरच्या कोर्टात वकिली करणारा माणूस. बांध, वाट, विहीर आणि वारसनोंद यांच्या बाहेर माझी बुद्धी सहसा जात नाही. पण आयोजकांनी पत्र पाठवून मला बोलायला बोलावलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, ते पत्र मी कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्ये तीन दिवस टेबलावर उघडं ठेवलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारावं म्हणून. कुणी विचारलं नाही, तेव्हा मीच सांगितलं.

ब्लॉगची कल्पना माझ्या भाचीची. आक्काची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची ही मुलगी. आक्का भोसरीला राहायची, मेहुणे तिथे कंपनीत होते. भाची कॉलेजात होती आणि सुट्टीत आमच्याकडे राजुरीला यायची. एकदा दिवसभर कोर्टातल्या माझ्या टेबलापाशी बसली आणि म्हणाली, मामा, तुम्ही तेच तेच दहा जणांना सांगता, एकदा लिहून ठेवा ना. मग तिनं नारायणगावच्या नेट कॅफेत फुकटातलं पान उघडून दिलं.

टाइप करायला मी कोर्टातल्या आमच्या टायपिस्टला घेतलं. त्याची सगळी हयात अर्ज आणि कैफियती बडवण्यात गेलेली. मी बोलायचो, तो टाइप करायचा, पण त्याच्या बोटांना अर्जाशिवाय दुसरं काही ठाऊकच नव्हतं. आमचा पहिला लेख 'प्रस्तुत लेखक येणेप्रमाणे नम्र निवेदन करतो की' असा सुरू झाला आणि 'सबब वाचकांनी मेहेरबान होऊन योग्य तो बोध घ्यावा, ही विनंती' असा संपला. लेखाला कलमं पाडलेली होती. मी डोक्याला हात लावला, पण बदलायला वेळ नव्हता, लाइट जायची वेळ झाली होती. आठवड्यानं पाहतो तर लोकांना तेच लई आवडलं होतं. कुणाला वाटलं थट्टा आहे, कुणाला वाटलं सरकारी आहे, आणि दोघांनीही वाचलं. मग मी ती पद्धत मोडली नाही; बांधावर, वाटेवर, विहिरीच्या पाण्यावर, सगळे लेख कलमं पाडूनच लिहिले.

ते दिवस मला अजून धुक्यातून दिसतात. दुपारी चारनंतर कोर्टाचं आवार ओसरायचं. दूर लेण्याद्रीच्या डोंगरात लेणी काळ्या ठिपक्यांसारखी दिसायची. मी त्या ठिपक्यांकडे बघत मनात वाक्यं जुळवायचो. इतकी वर्षं माझं बोलणं एकाच न्यायाधीशानं ऐकलं होतं, तेही जांभया देत. आता अंधारात कोण कोण ऐकतंय ते मला दिसत नव्हतं, आणि दिसत नव्हतं म्हणूनच बहुधा मी खरं बोलत होतो.

ब्लॉग नावारूपाला आला तो हक्कसोडीवरच्या लेखानं. आमच्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. बाप गेला की वर्षाच्या आत भाऊ बहिणींना गाडी पाठवतो. घरी पुरणपोळी होते. मग सगळे मिळून रजिस्ट्रार कचेरीत जातात आणि बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात, म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडून देतात. पत्रात लिहिलेलं असतं की हे मी नैसर्गिक प्रेमापोटी, स्वखुशीनं, कोणताही मोबदला न घेता करते आहे. संध्याकाळी साडीचोळी होते आणि गाडी परत सोडायला जाते. मी लेखात लिहिलं की बायांनो, कायद्यानं तुमचा हिस्सा आहे, भावाइतकाच आहे. सोडायचा तर सोडा, पण वाचून आणि समजून सोडा. साडी ही साडी आहे, जमीन ही जमीन आहे. त्या लेखाला आलेली पत्रं वाचताना माझा ऊर भरून यायचा.

आता जे सांगायचं ते सांगतो. अशी हक्कसोडपत्रं मी शेकड्यानं लिहिली आहेत, आणि त्यातलं एक माझ्या बहिणीचं आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला आमचे वडील गेले. पुढच्या दिवाळीआधी मी आक्काला गाडी पाठवली. मसुदा माझाच, टाइप त्याच टायपिस्टचं. आई आधीच गेलेली, आम्ही दोघंच भावंडं, म्हणजे अर्धा वाटा तिचा होता. कचेरीत मी पानं उलटत गेलो आणि जिथे बोट ठेवलं तिथे ती सही करत गेली. पैठणी घेतली होती, हलकी नव्हती. लेख लिहिताना मला ही गोष्ट आठवत नव्हती असं नाही. आठवत होती, पण ती दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी आठवत होती. दुसऱ्यांच्या बहिणींना जागं करणारा मी, माझ्या बहिणीचा अर्धा वाटा दरसाल टोमॅटो नि कांद्यात पिकवून खात होतो. हे ज्या दिवशी तिला कळेल त्या दिवशी काय, एवढाच एक प्रश्न होता, आणि तो मी झोपवून ठेवला होता.

परिषदेच्या आदल्या दिवशी मी भोसरीला आक्काकडे उतरलो. तिनं शेंगोळ्या केल्या होत्या. मी भाषणाबद्दल सांगत होतो आणि ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, मी पण येऊ का ऐकायला? मला आनंदच झाला. भाचीनं आयोजकांना फोन करून विचारलं, ते म्हणाले खुशाल आणा. त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्या थंडगार सभागृहाच्या शेवटच्या रांगेत टाय लावलेल्या मंडळींच्या पलीकडे माझी आक्का बसली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटलेला, गळ्यात पाहुण्यांना देतात तो बिल्ला, मांडीवर पर्स.

सकाळभर चर्चा झाल्या. वकिलानं ब्लॉग लिहिणं म्हणजे जाहिरात करणं होतं का, यावर दोघं-तिघं फार तावातावानं बोलले, कारण आमच्या धंद्याला जाहिरातीची मनाई. मला हसू येत होतं. जुन्नरला वकिलाची जाहिरात म्हणजे लिंबाखालचं त्याचं टेबल; पाय मोडला तर वीट लावायची. एक बाई म्हणाल्या की वाचकाशी नातं जोडा, तो आपण होऊन तुमच्याकडे येईल. गारव्यात ते वाक्य माझ्या कानात बराच वेळ रेंगाळलं. माझी मान दोनदा पडली, दोनदा उठली.

जेवणानंतर माझी पाळी आली. माझं भाषण सोपं होतं, पण आयोजकांपैकी एकानं माझा ब्लॉग आधी वाचून एक पान निवडून ठेवलं होतं. हक्कसोडीच्या लेखाखाली एका वाचक बाईनं प्रश्न विचारला होता आणि मी उत्तर दिलं होतं. उत्तर कसं थोडक्यात आणि स्पष्ट असावं याचा हा नमुना, असं त्याचं म्हणणं. मला ते दाखवायला अभिमानच वाटला. भिंतभर मोठी अक्षरं उमटली आणि मी ती वाचून दाखवली. प्रश्न असा होता: 'वडील गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली. आत काय लिहिलं आहे ते वाचलं नव्हतं. आता काही करता येईल का? एक बहीण.' आणि माझं उत्तर: 'ताई, तीन वर्षांच्या वर होऊन गेली असतील तर दाव्यात दम नाही. शिवाय वाचता येत असून न वाचता सही केली, हे कोर्टात तुमच्याच अंगावर येईल. आता भावाच्या मनात आलं तरच.'

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या वाक्याला काहींनी हसून दाद दिली. मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. आक्का माझ्याकडे पाहत नव्हती, भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहत होती. ओठ हलत होते, म्हणजे ती परत वाचत होती.

चारच्या सुमाराला आम्ही बाहेर आलो. गारव्यातून एकदम उन्हात आल्यावर डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. भाची रिक्षा बघायला फाटकाबाहेर गेली. मी आणि आक्का झाडाखालच्या कठड्यावर बसलो. परिषदेत मिळालेली कापडी पिशवी माझ्या हातात होती, आत पेन आणि वही. मी विचारलं, कसं झालं भाषण? तिनं पिशवीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं.

"ती भिंतीवर व्हती ना बाई, ती मीच," आक्का म्हणाली. "पोरीनं टाइप करून दिलं."

समोरून बस गेली, तिच्यावर काय लिहिलं होतं तेही मला आज सांगता येईल. मग मी वकिलासारखाच बोललो. म्हणालो, विचारायचं होतं तर मला सरळ का नाही विचारलंस?

"सरळ इचारलं असतं तर दिलंबी असतंस. पन मग दिवाळीला गाडी आली असती का न्हाई, कुणाला ठावं? माहेर एकच हाय मला." तिनं गळ्यातला बिल्ला काढून पर्समध्ये टाकला. "दुसऱ्याच्या बहिणीला तू काय सांगतोस ते बघायचं व्हतं. खरं सांगितलंस. वाईट न्हाई वाटलं."

मला मात्र वाटलं. मान वर करवेना. ती पुढे जे बोलली ते तिनं अगदी साधं, मीठ जास्त पडलं म्हणावं तसं सांगितलं. ती सातवी शिकलेली. त्या दिवशी कचेरीत तिला पानं वाचायची होती. पण भाऊ वकील, भावानं लिहिलेलं, चारचौघांत बहीण वाचत बसली तर भावावर भरवसा नाही असं होतं. आमच्याकडे हे असंच आहे. भावानं पुढे केलेला कागद बहीण वाचत नाही, वाचला तर तो अपमान. मीच ब्लॉगवर लिहून बसलो होतो की वाचून सही करा. ते कसं करायचं असतं, ते मात्र मी लिहिलं नव्हतं.

"वाचलं असतं तर तुला लागलं असतं," ती म्हणाली. "म्हून न्हाई वाचलं. ते कोर्टात माज्याच अंगावर येतं, हे मला म्हाईत नव्हतं."

मी म्हणालो, परत करतो. बक्षीसपत्र करू, भाऊ बहिणीला देऊ शकतो. जे तुझं होतं ते तुझ्या नावावर लावून देतो. हे मी मनापासून बोलत होतो. पण त्याच वेळी आत कुठेतरी मी वाट पाहत होतो. पंचवीस वर्षांच्या वकिलीत मी हा प्रसंग कैक वेळा पाहिला आहे. भाऊ रडतो, देतो म्हणतो, बहीण म्हणते, नको रे, मला काय कमी आहे, तू सुखी राहा. मग दोघं रडतात आणि जमीन जिथल्या तिथे राहते. मला वाटलं, ती नको म्हणेल.

"कर," आक्का म्हणाली. "विहिरीच्या अंगाचं दे. आन् पान्याचं लिव्ह, न्हायतर कोरडं रान घेऊन काय करू?"

रिक्षा आली. भाची पुढे ड्रायव्हरशी भाड्याचं बोलत होती. आम्ही दोघं मागे बसलो आणि भोसरी येईपर्यंत आक्का मला मेहुण्यांच्या गुडघ्याचं सांगत राहिली.

घरी सांगायला मला पंधरा दिवस लागले. बायको रागावली नाही, तिनं फक्त विचारलं की हे तुम्ही मला विचारताय का तिला सांगून आलाय? सांगून आलोय म्हटल्यावर ती उठून गेली आणि आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिच्याही माहेरी तिनं सही केली होती, तो मसुदा कुणाचा होता हे मी इथे लिहीत नाही. ब्लॉग त्या दिवसांत बंदच होता. टायपिस्ट दर शनिवारी विचारायचा, साहेब, आज काही? मी म्हणायचो, आज नको. कॅफेत जाऊन मी एकदा ते पान उघडलं. प्रश्नाखाली माझं उत्तर तसंच होतं आणि त्याखाली चौघा-पाच जणांनी मला शाबासकी दिली होती. मी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिलो. भीमाशंकरच्या वाटेवर धुकं उतरलं की पुढचा माणूस हाकेच्या अंतरावर असून दिसत नाही, आणि आपण त्याला परका समजून वाट विचारतो. माझं नेमकं उलटं झालं होतं. मला परका मानून वाट विचारली होती ती माझ्याच माणसानं, तीही मुद्दाम.

पावसाळ्याच्या तोंडाशी कागद तयार झाला. मी स्वतः लिहिला आणि टायपिस्टाशेजारी बसून टाइप करून घेतला. मोजणी, नकाशा, चतुःसीमा, सगळं नीट. मी त्या कागदावर खूश होतो. आक्का सकाळच्या एसटीनं आली, मी गाडी पाठवतो म्हणत असतानाही. जुन्नरच्या कचेरीत त्या दिवशी गर्दी होती. देणारा म्हणून मला सह्या करायच्या होत्या, घेणारी म्हणून तिला. मी नेहमीच्या सवयीनं पान उलटून सहीच्या जागी बोट ठेवलं.

तिनं कागद माझ्या हाताखालून ओढून घेतला. पर्समधून चष्मा काढला, पहिल्या पानावर आली आणि वाचायला लागली. बोट ओळीखाली धरून, ओठ हलवत. मागे रांग होती. दोनदा कुणीतरी खाकरलं, एकजण म्हणाला, आटपा की राव. टेबलाशी बसलेला कारकून माझ्या ओळखीचा, त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की काय वकीलसाहेब, घरात भरवसा नाही वाटतं. माझे कान गरम झाले. मी भिंतीवरच्या फलकाकडे पाहत उभा राहिलो. ती वाचत होती. तिसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं.

"ह्ये काय लिव्हलंस?" तिनं विचारलं.

मी वाकून पाहिलं. पाण्याचं कलम होतं. 'सदर विहिरीतून आठवड्यातील तीन दिवस पाणी घेण्याची मुभा बक्षीस घेणार यांस राहील.'

"मुभा?" आक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता. "विहिरीवरच्या लेखात तूच लिव्हलं व्हतंस, मुभा देनाऱ्याच्या मर्जीवर असती, कवाबी काढून घेता येती. हक्क लिहून घ्या म्हनला व्हतास."

खरं होतं. माझंच वाक्य होतं, त्या लेखातलं कलम चार. मी म्हणालो, टाइप करताना राहून गेलं असेल. पण टाइप करताना मी शेजारी बसलो होतो, आणि तो शब्द माझ्याच तोंडून गेला होता. ती चूक होती की माझ्या हाताला अजून सोडवत नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही कळत नाही. मी पुष्कळदा स्वतःची उलटतपासणी घेऊन पाहिली आहे. साक्षीदार दर वेळी वेगळं सांगतो.

मी पेन काढलं. 'मुभा' खोडलं, वर 'कायमचा हक्क' लिहिलं, वाक्य जुळवून घेतलं आणि समासात बारीक सही केली. कागद तिच्यापुढे धरला. तिनं दुरुस्ती दोनदा वाचली, शेजारी आपलीही सही केली. मागचा माणूस पुन्हा काही म्हणाला. आक्कानं चष्मा सावरला, पान उलटलं आणि चौथं पान वाचायला घेतलं. मी मागे वळून रांगेला सांगितलं, थांबा जरा, ती वाचतीय.